लोखंडाला विचारा

आलेलं पत्र

प्रिय उमेदवार, दिनांक १४ रोजीच्या ऑनलाइन परीक्षेदरम्यान आमच्या ‘पहारा’ या देखरेख प्रणालीस आपण वापरलेला संगणक आभासी यंत्र असल्याचे आढळून आले. सबब आपली उमेदवारी रद्द करण्यात येत असून पुढील तीन वर्षे आपणास आमच्या कोणत्याही परीक्षेस बसता येणार नाही. तथापि, सोबतच्या नमुन्यात कबुली दिल्यास फेरपरीक्षेची एक संधी देण्याबाबत सहानुभूतीने विचार करण्यात येईल.

गेलेलं उत्तर

संगणक खरा होता. मी काही लपवलं नाही. कबुली देणार नाही. सुनावणी द्या.
उपासना प्रेमानंद, निपाणी.

मधली अकरा मिनिटं

या दोन कागदांच्या मध्ये अकरा मिनिटं गेली. त्यातली नऊ उपासनाने नुसती भिंतीकडं बघण्यात घालवली. दहाव्या मिनिटाला तिच्या वडिलांनी, प्रेमानंदांनी, तिच्या हातातून मोबाइल घेतला. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागं बसलेला माणूस. वाईट बातमीचं पत्र कसं वाचायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आधी तारीख बघितली, मग सही. सही नव्हतीच.

“खाली नाव न्हाय कुणाचं,” ते म्हणाले. “ज्याला आपलं नाव लिवायचं धाडस न्हाय, त्याच्यापुढं कबुली कशाची द्यायची?”

“कबुली दिली तर परत परीक्षा घेतो म्हणालेत, आप्पा.”

“आणि तुज्या नावापुढं काय लिवून ठेवतील?”

तिने मोबाइल परत घेतला. अकराव्या मिनिटाला उत्तर टाइप केलं.

आता कुणी म्हणेल, एक परीक्षा हुकली तर एवढं काय? पण ही भरती खाजगी बँकांच्या एका गटाची. सिस्टीम असिस्टंटच्या चौदा जागा आणि वयाची अट सरसकट अठ्ठावीस. उपासना सव्वीस पूर्ण करून बसलेली. तीन वर्षांची बंदी म्हणजे दार लोटलेलं नव्हे, दार काढून तिथं भिंत बांधलेली. पेपरही असा गेला होता की बाहेर पडल्यावर ती स्वतःशीच हसली होती. असं हसू माणसाला वर्षातून एखादवेळीच येतं.

आभासी यंत्र म्हणजे काय, हे आईला सांगितलं तसं

“एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. नुसता मानलेला. त्याला वाटतंय आपल्याला डिस्क हाय, पडदा हाय, सगळं हाय. पण ते सगळं बाहेरचा त्याला दाखवत असतोय.”

“आणि त्यानं काय हुतंय?” शालूबाईंनी भाकरी उलटत विचारलं.

“चांगल्या कामाला वापरतात, आई. पण काही पोरं परीक्षा त्या आतल्यात उघडतात आणि बाहेरच्यावर उत्तरं हुडकतात. पहारा बसतोय आतल्या खोलीत, आणि ह्यांचं पुस्तक उघडं ओसरीवर. म्हणून पहारा आधी बघतोय, आपण खऱ्या घरात हाय का कुणाच्या पोटात.”

“मग तुजं मशीन पोटातलं म्हनत्यात व्हय?”

“व्हय.”

“परीक्षा दिलीस ते अभिनंदनच्या सेंटरातलं? टेबल झाडायला म्हणून मी एकदा उचललंतं ते. कंबर धरली माजी.” शालूबाईंनी तव्यावरची भाकरी निखाऱ्याकडं सरकवली. “खोटं असतंय तर एवढं जड कशाला आसंल?”

उपासना हसली नाही. आई जे म्हणाली, ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं. वजन. खोट्याला वजन नसतं. पण ते मोजायचं कसं?

फोन

“सुविधा, तुलाबी आलं?”

“आलं की. आपल्या सेंटरातल्या बाराच्या बारा जणांना आलंय. अकरा जणांनी फॉर्म भरला.”

“तूबी?”

“भरला गं. त्यांचं छापीलच हाय सगळं. ‘मी आभासी यंत्राचा वापर केल्याचे मान्य करते.’ खाली आपलं नाव टाकायचं.”

“पण तू केला न्हाईस.”

“केला न्हाय! ते काय असतंय तेच मला म्हाईत न्हवतं. कबुली दिल्यावर यूट्यूबवर बघितलं, आपण काय केलं ते.”

उपासनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू भरणार न्हाईस व्हय?” सुविधाने विचारलं.

“न्हाय.”

“मग आम्ही अकरा चोर आणि तू एकटी साव, असं हुईल ते.”

सुविधाने ते रागाने म्हटलं की भीतीने, हे उपासनाला कळलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. बारा वेगवेगळी माणसं, बारा वेगवेगळ्या खुर्च्या, आणि बाराही मशीन खोटी? एखादं पोर चोर निघालं तर समजू शकतं. पण सगळी रांगच चोर निघाली, तर मोजणारा नीट मोजतोय का, ते आधी बघावं लागतं.

सेंटर

अभिनंदनचं सेंटर निपाणीत, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर. खाली खताचं दुकान, त्यामुळं जिना चढताना युरियाचा वास आणि वर गेल्यावर वीस पंख्यांची घरघर. अभिनंदन जैनांच्या गल्लीतला. वय पस्तीस, अंगाने बारीक, आणि कुठलीही गोष्ट सांगताना आधी कपाळ चोळायची सवय.

“मशीन उघडून बघणार?” त्याने कपाळ चोळलं. “बघ की. पण उपासना, एक सांगतो. माझ्या सेंटरवर शिक्का बसला तर मला परत कुठलीच परीक्षा मिळणार न्हाय. मिटव की गं. फॉर्मच तर हाय.”

“अण्णा, फॉर्म मी भरला तर शिक्का तुमच्यावर बसत न्हाय, माझ्यावर बसतोय. म्हणून मिटव म्हणताय?”

 अभिनंदनने किल्ली काढून टेबलावर ठेवली.

ती सात नंबरच्या मशीनपुढं बसली. परीक्षा तिथंच दिली होती. आत शिरून एकेक कप्पा बघत गेली. तासाभराने पहिला धागा हाताला लागला. ड्रायव्हरच्या फायलींच्या ढिगात एक फाईल, जी फक्त आभासी यंत्रातच असते. मग डिस्कांच्या जुन्या नोंदी. मशीनला कधीकाळी जोडलेल्या प्रत्येक डिस्कचं नाव तिथं लिहून ठेवलेलं असतं. त्यातलं पहिलं नाव होतं आभासी डिस्कचं.

आठ नंबरवर तेच, नऊवर तेच, वीसवरही तेच.

“अण्णा,” ती खुर्ची फिरवून म्हणाली, “ही मशीनं तुम्ही कशी भरली?”

“कशी म्हणजे? एक मास्टर कॉपी केली, ती वीस डिस्कांवर उतरवली.”

“आणि मास्टर कुठं केली?”

अभिनंदनचा हात कपाळावरच थांबला.

ही चूक निपाणीतच होऊ शकते. पुण्यात होणार नाही आणि बंगळुरातही नाही. गाव सीमेवरचं, त्यामुळं अभिनंदनकडं दोन्ही राज्यांची पोरं येतात. कर्नाटकच्या परीक्षेला बसणाऱ्याला कन्नड टायपिंग लागतं, महाराष्ट्राच्या परीक्षेला बसणाऱ्याला मराठी. दोन्ही सरकारांची टायपिंगची सॉफ्टवेअर एकाच मशीनवर घातली की ती सवतींसारखी भांडतात. एकीचा कळफलक लावला की दुसरी रुसते, अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. अभिनंदनने वर्षभर हा तमाशा सोसला. मग स्वतःच्या लॅपटॉपात एक आभासी यंत्र बनवलं, आणि त्यात दोन्ही भाषा नांदतील अशी घडी बसवायला तीन आठवडे घालवले. बिघडलं की पुसायचं, परत मांडायचं. आभासी यंत्राचा हाच तर फायदा, त्यात काही मोडलं तरी खरं काही मोडत नाही. घडी बसली, तशी ती जशीच्या तशी उचलून वीस खऱ्या मशीनवर उतरवली. आभासी घराची झाडलोट करायची मात्र राहून गेली.

“म्हणजे मीच,” अभिनंदन म्हणाला.

“तुम्ही दोन भाषा एका मशीनवर नांदवल्या. त्यात गुन्हा काय?” उपासना म्हणाली. “पहारा नुसता कचरा बघून गेला. मशीनला त्यानं काही विचारलंच न्हाई.”

मध्येच, बेळगावातली एक खोली

हे इथं सांगायलाच हवं, कारण त्या खुर्चीवर बसल्याबसल्या तिला तेच आठवत होतं.

एमसीएला बेळगावात होती तेव्हा ती खोली बघायला गेली होती. कंग्राळीत, मनुबाई नावाच्या बाईंच्या माडीवर. बाई गोड. चहा दिला. मग:

“कुठली गं तू?”

“निपाणी.”

“निपाणी ठाऊक हाय. मूळ गाव?”

“निपाणीच.”

“वडील?”

“पोस्टात.”

“बरं बरं. नाव उपासना. उपास करतीस?”

“नाही.”

“घरात देव कुठला?”

सरळ एक प्रश्न नाही, सगळे बाजूबाजूने. गाव, वडील, उपास, देव. प्रत्येक उत्तराची बाई मनात नोंद करत होती. शेवटी म्हणाली, खोली पुतण्याला द्यायची ठरलीय. उपासनाने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “बाई, माझ्याबद्दल काय पाहिजे ते मलाच विचारायचं. मी सांगितलं असतं.” वाक्य पूर्ण करूनच ती जिना उतरली.

कुठं

प्रोग्रॅमला तिने ‘कुठं’ असं नाव दिलं. काम एकच, आपण कुठं चाललोय ते सांगायचं. पण विचारायची रीत तिने वेगळी ठेवली. कागदपत्रं वेगळी, लोखंड वेगळं. कागदपत्रं म्हणजे फायली आणि नोंदी. त्या जुन्या असू शकतात, दुसऱ्याच्या असू शकतात, कॉपीबरोबर आलेल्या असू शकतात. लोखंड म्हणजे आत्ता, या क्षणी, तळाशी असलेली चीप. तिला विचारलं की ती आत्ताचं सांगते.

त्यातला एक प्रश्न तिला फार आवडला. प्रोसेसरला एक साधी हाक मारायची आणि ओ यायला प्रोसेसरच्या घड्याळाचे किती ठोके लागले ते मोजायचे. खरं मशीन असलं तर हाक सरळ चीपपर्यंत जाते. कुणाच्या पोटातलं असलं तर हाक आधी बाहेरच्याकडं जाते. तो ऐकतो, ठरवतो, मग आतल्याच्या वतीने उत्तर देतो. त्यात वेळ जातो. मध्यस्थ कितीही चतुर असला तरी त्याचा वेळ सहजी लपत नाही. आईने विचारलेलं वजन ते हेच असावं, असं तिला वाटलं.

मशीन सात.
कागदपत्रं. जुन्या ड्रायव्हरची फाईल: आहे. जुन्या डिस्कचं नाव: आभासी.
लोखंड. तुझ्यावर कुणी बसलंय का: नाही. बोर्डाचा क्रमांक: आहे, खरा, डब्यावरच्या चिठ्ठीशी जुळतो. एका हाकेचे ठोके: १४८.

मग तिने मुद्दाम त्याच मशीनच्या पोटात एक आभासी यंत्र उभं केलं आणि त्याच्या आत ‘कुठं’ चालवला.

लोखंड. तुझ्यावर कुणी बसलंय का: हो. एका हाकेचे ठोके: २३१०.

एकशे अठ्ठेचाळीस आणि दोन हजार तीनशे दहा. तिने दोन्ही आकडे अभिनंदनला दाखवले. त्याने बघितले, परत बघितले, आणि कपाळ चोळायचं विसरून गेला.

“सुनावणीला मशीन घेऊन जाऊया,” तो म्हणाला. “फोटोवर कोण विश्वास ठेवणार? मशीनच नेऊ.”

“तुम्ही येणार?”

“माझं मशीन हाय. तुझ्या एकटीच्या हातात कसं देऊ? पाडशील.”

बस

सुनावणी मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका परीक्षा केंद्रात होती. निपाणीहून बेळगाव, तिथून पुढं मच्छे. उपासनाच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं सात नंबर.

कंडक्टर आला. “इदेन्री?” हे काय, असं त्याने कन्नडमध्ये विचारलं.

“कॉम्प्युटर.”

त्याने तिचं आधारकार्ड बघितलं. पत्ता कर्नाटकातला, बाई, म्हणजे सरकारी योजनेत तिकीट शून्याचं. मग चादरीकडं बोट. “ह्याचं लगेज काढा.”

“मांडीवर हाय की. माणसाची जागा कुठं अडवलीय?”

“ह्याला आधार हाय काय? असलं तर फ्री सोडतो.”

मागच्या बाकावरची एक बाई खो खो हसली. “सोड की रं, लेकरू असंल म्हनून!”

“एवढं मोठं लेकरू?” कंडक्टर म्हणाला, पण तिकीट न फाडताच पुढं गेला.

अभिनंदन खिडकीतून बाहेर बघत होता. संकेश्वर गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला. काकती आली तेव्हा म्हणाला, “मी तिथं काय बोलायचं?”

“काही बोलू नका. मशीन बोलंल.”

“मशीन सांगंल की ते खरं हाय. पण कचरा कुणी टाकला ते मशीन सांगणार न्हाय.”

उपासनाने त्याच्याकडं बघितलं. मग ते तुम्ही सांगा, असं ती म्हणाली नाही. सेंटर त्याचं. घरात म्हातारी आई, दोन पोरी. आपल्या लढाईत दुसऱ्याला उभं करायला धाडस लागत नाही, निर्लज्जपणा लागतो, असं तिचं मत होतं.

सुनावणी

“बर्री, बर्री, बसा,” सुनावणी अधिकारी हिरेमठ म्हणाले. पन्नाशीचा माणूस, चष्मा गळ्यात दोरीने लटकवलेला, बोलणं अर्धं मराठी अर्धं कन्नड. टेबलावर कंपनीचा लॅपटॉप, शेजारी एक फाईल. “एकट्या तुम्हीच आलात बघा. बाकी सगळ्यांनी शहाणपणा केला.”

“शहाणपणा त्यांनी केला, खरं सांगायचं काम माझ्याकडं आलं.”

हिरेमठांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “सांगा.”

तिने चादर सोडली, सात नंबरला पडदा जोडला आणि ‘कुठं’ चालवला. कागदपत्रं काय म्हणतात, लोखंड काय म्हणतं. मास्टर कॉपी, दोन भाषा, राहून गेलेली झाडलोट. कुणाची, ते सांगितलं नाही. “सेंटरवर” एवढंच म्हणाली. मग आतलं आभासी यंत्र, मग ठोके. हिरेमठ मध्येमध्ये मान हलवत होते. समजल्यावर हलवतात तशी, न समजल्यावरही हलवतात तशी.

“पण मॅडम, हा प्रोग्रॅम तुमचा. तुम्हीच लिहिलेला, तुम्हालाच निर्दोष ठरवतोय. आमचा पहारा कंपनीनं तपासून घेतलेला. मी कुणाचं ऐकू?”

“कुणाचंच ऐकू नका. तुमच्या लॅपटॉपवर दोन्ही चालवा.”

“माझ्या?”

“तुमचा तर खराच हाय ना, सर?”

“म्हणजे काय! कंपनीनं दिलाय. आठवड्यापूर्वी.”

“मग भीती कसली?”

हिरेमठ हसले. पहारा त्यांच्याकडं होताच, उमेदवारांना दाखवायला ठेवलेला. त्यांनी बटण दाबलं. फिरतं चाक आलं, गेलं, आणि इंग्रजीत लाल पट्टी उमटली: आभासी यंत्र आढळले. नोंद कारवाईसाठी पाठवण्यात येत आहे.

हिरेमठांनी चष्मा काढून पुसला.

त्यांनी परत दाबलं. परत लाल.

“हे काय?” आता ते पूर्ण मराठीत बोलले.

“आता ‘कुठं’ चालवते,” उपासना म्हणाली. चालवला. लोखंड: तुझ्यावर कुणी बसलंय का: हो. ठोके: एकोणीसशे चाळीस.

“तुमचा प्रोग्रॅमपण तेच म्हणतोय! म्हणजे माझा लॅपटॉप खोटा?”

इथं तिला गप्प बसता आलं असतं. खरं तर तेच सोयीचं होतं. पण ती खोटं जिंकायला आली नव्हती.

“नाही सर. तुमच्या लॅपटॉपवर कुणीतरी बसलेलं आहे, हे खरं. कंपनीनं सुरक्षेसाठी एक पातळ थर घातलाय, सगळं त्याच्यावर चालतं. नव्या लॅपटॉपात असतंच ते. त्यात तुमची काही चोरी नाही. माझा प्रोग्रॅम एवढंच सांगतो, आपण कुठं चाललोय. चोरी केली का, ते तो सांगत नाही. कुठलाच प्रोग्रॅम सांगत नाही. ते तुम्ही पहाऱ्याच्या तोंडात घातलंय.”

हिरेमठांनी लॅपटॉप मिटला. मग काय वाटलं कोण जाणे, परत उघडला.

“बरं. तुमचं प्रकरण वेगळं आहे, हे मला दिसतंय. मी लिहितो: उमेदवार क्रमांक अमुक, तांत्रिक कारणाने अपवाद. तुमची परीक्षा ग्राह्य. गुण जसे पडले तसे. झालं? बाहेर कुठं बोलायचं नाही.”

तीन वर्षं, अठ्ठावीसची अट, बांधून झालेली भिंत. सगळं एका वाक्यात खाली आलं.  हो म्हटलं की झालं.

“आणि बाकीचे अकरा?”

“त्यांनी कबुली दिलीय.”

“भीतीनं दिली.”

“कागदावर भीती लिहिलेली नसते, मॅडम. कबुली दिलेल्या माणसाला मी निर्दोष कसा लिहू?”

“माणसाबद्दल लिहू नका. मशीनबद्दल लिहा. एका मास्टरची बारा मशीनं. त्यातलं एक खरं आणि अकरा खोटी, असं लिहून दाखवा. तुम्ही सही करा, खाली मी करते. मशीन खरं असेल तर मग त्यांनी कबुली कशाची दिली, ते तुमचे वरचे शोधतील.”

“हे बघा, तुम्ही तुमचं बघा की! एवढ्यावर मी काही लिहू शकत नाही. सात नंबर तुम्ही आणलंत. बाकीची तशीच आहेत, याला पुरावा काय? तुमच्या सेंटरचा माणूस तरी लिहून देतोय का?”

आतापर्यंत अभिनंदन दाराजवळच्या खुर्चीवर होता, चादरीची घडी मांडीवर घेऊन. तो उठला.

“देतो,” तो म्हणाला. “मास्टर मी केली. माझ्या लॅपटॉपात, व्हीएममध्ये, म्हणजे आभासी यंत्रात. कन्नड आणि मराठी दोन्ही बसावं म्हणून. वीसही मशीनवर मीच उतरवली. साफ करायचं राहिलं ते माझं. पोरांचा संबंध न्हाय. कागद द्या.”

“तुमच्या सेंटरची मान्यता जाईल, माहिती आहे ना?”

“जाऊ दे. उद्या नवीन मास्टर करतो. खऱ्या मशीनवर करतो.” आणि मग, सगळा धीर एकवटून, “पण साहेब, तुमच्या त्या पहाऱ्यात कन्नडबी न्हाय आणि मराठीबी न्हाय, सगळं इंग्रजीत. आम्ही दोन घातल्या म्हणून चोर व्हय?”

हिरेमठांनी त्याला कागद दिला. अभिनंदनने उभ्याउभ्याच लिहिलं, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, आणि दोन्हीखाली सही केली. हिरेमठांनी तो वाचला. कन्नड वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी फाईलमधला निष्कर्षाचा नमुना ओढला आणि पेन उघडलं.

*सदर केंद्रातील बारा संगणक बहुधा वास्तव यंत्रे होती.*

कागद तिच्याकडं सरकवला. “करा सही.”

तिने वाचलं. “बहुधा काढा.”

“मॅडम—”

“आकडा तुम्ही बघितला. एकशे अठ्ठेचाळीस. त्यात बहुधा कुठं होतं?”

“वरिष्ठ विचारतील.”

“विचारू देत. मशीन इथंच हाय. घेऊन जा पाहिजे तर, आणि त्यांनाच मोजू दे.”

बराच वेळ पेन हवेत राहिलं. मग हिरेमठांनी तो शब्द एका रेघेने खोडला आणि रेघेशेजारी आपली आद्याक्षरं केली. सरकारी असो वा खाजगी, खाडाखोडीला सही लागते.

उपासनाने पेन घेतलं. नमुन्यात उमेदवाराच्या सहीला एकच जागा होती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं: *कबुली देणाऱ्याचे नाव व सही.* दुसऱ्या कुठल्या माणसाची या कागदाला गरज पडेल, असं छापणाऱ्याला वाटलंच नसावं.

तिने ‘कबुली देणाऱ्याचे’ यावर रेघ ओढली. ठळक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर लिहिलं: उपासना प्रेमानंद, निपाणी. मग कागद उलटा फिरवून हिरेमठांपुढं सरकवला आणि रेघेच्या शेजारी बोट ठेवलं.

“इथंपण आद्याक्षरं, सर.”